कबरीची पिल्लं आणि मामाचे डोळे



दशलक्षणातला स्वयंपाक, चातुर्मासातली भाजी, सासूबाईंच्या औषधाच्या वेळा असं लिहिता लिहिता मी एक दिवस मांजरांवर येईन असं मलाही वाटलं नव्हतं. पण गेलं वर्षभर आमच्या घरात मांजरांच्या रंगांवर जेवढं बोलणं झालंय, तेवढं सोन्याच्या भावावरही झालं नसेल. त्यामागे कारण आहे. ते सांगेन, पण आधी मांजर.

बोरिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत एक मांजर आहे. पाळलेली नाही, सोसायटीची आहे. हा फरक सासूबाईंसाठी महत्त्वाचा. दुसऱ्या जिवाला मारून खाणारी मांजर-कुत्र्यासारखी जनावरं घरात बाळगणं आपल्या श्रावकाचारात अनर्थदंडात धरलंय, हे त्या मला लग्न होऊन आल्यापासून सांगतायत. त्यामुळे कबरी उंबऱ्याबाहेर आणि आम्ही उंबऱ्याआत, असा तह आहे. पोट आणि पंजे पांढरे, पाठीवर काळे आणि केशरी असे मोठे मोठे तुकडे, तोंड बरोबर मधोमध वाटून घेतल्यासारखं अर्धं काळं, अर्धं केशरी. चौथ्या मजल्यावरच्या गुजराती मासी तिला काबरी म्हणतात, आम्ही कबरी म्हणतो, ती दोन्हीला ओ देत नाही.

मागच्या वर्षी मीटर रूममागे तिला चार पिल्लं झाली. एक केशरी, एक काळं-पांढरं, एक तिच्यासारखं तिरंगी आणि एक छान राखी रंगाचं. संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या आमच्या मंडळात लगेच शेरा आला, "चार पिल्लं, चार रंग! बाप किती असतील देव जाणे." सगळ्या हसल्या. पुढचं वाक्य हळू आवाजात होतं, ते कुणा माणसाच्या घराबद्दल होतं, ते इथे लिहीत नाही. तुमच्याही सोसायटीत असा बाक असेलच.

मांजरीच्या एका वेतात दोन-तीन बोक्यांची पिल्लं असू शकतात, हे खरं आहे. पण रंग वेगळे म्हणजे बाप वेगळे, हा हिशेब साफ चूक आहे. तो कसा चूक ते मला माझ्या मुलानं समजावलं, आणि ते समजावताना त्यानं मला आणखी एक गोष्ट समजावली, जी त्याला सरळ सांगता येत नव्हती.

मुलगा तेव्हा नुकताच बारावी झाला होता. त्याला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी समुद्रावर गेलेलं नाही. जहाजावर खाणार काय, यावरच सासूबाईंनी महिनाभर चर्चा केली. मेथीचे ठेपले किती दिवस टिकतात याचा प्रयोगसुद्धा झाला. आणि मग वैद्यकीय तपासणीत डोळ्यांच्या खोलीत सगळं थांबलं. ठिपक्याठिपक्यांची वर्तुळं आणि त्यात लपलेले आकडे असलेलं ते पुस्तक तुम्ही पाहिलं असेल. शिनोबु इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी ते १९१७ मध्ये काढलं. त्यातल्या एका पानावर आपल्याला ७४ दिसतात. माझ्या मुलाला २१ दिसले. तो अगदी खात्रीनं म्हणाला, एकवीस.

लाल आणि हिरव्याच्या काही छटा त्याला वेगळ्या दिसत नाहीत. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाचा डावीकडचा दिवा लाल आणि उजवीकडचा हिरवा असतो, त्यावरून ते कुठल्या बाजूला चाललंय ते ओळखायचं. तेव्हा डेकवरच्या नोकरीला तो चालणार नाही, हे बरोबरच आहे. तो घरी आल्यावर म्हणाला, "शाळेत मी क्रेयॉनवरची नावं वाचून रंगवायचो. मला वाटायचं सगळेच तसं करतात."

त्या दिवशी सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "आमच्याकडे तर कुणालाच नाही असं." वाक्यात विष नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. पण सुनेला अशी वाक्यं कशी ऐकू येतात ते तुम्हाला सांगायला नको.

मुलगा पुढचे काही आठवडे खोलीतून फारसा बाहेर आला नाही. मोबाईलवर सतत काहीतरी वाचायचा. एका दुपारी मी जिन्यात पिल्लांना पाणी ठेवत होते (दूध नाही, मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही, पोट बिघडतं), तो येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "आई, तुला माहितीये का, कबरी मादी आहे हे तिला न उचलता सांगता येतं." म्हटलं, पिल्लं झाली म्हणजे मादीच की. म्हणाला, "तसं नाही. नुसत्या रंगावरून."

आता जरा नीट वाचा, कारण हे मला तीन वेळा ऐकावं लागलं होतं.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, आपल्यात २३ जोड्या, मांजरात १९. आईकडून एक संच, बापाकडून एक. त्यातली एक जोडी ठरवते की बाळ मुलगी की मुलगा. मुलीत दोन एक्स, मुलात एक एक्स आणि एक वाय. आई प्रत्येक बाळाला एक्सच देते, तिच्याकडे दुसरं काही नाहीच. बाप मुलीला एक्स देतो आणि मुलाला वाय. हे शाळेत झालंय. शाळेत न सांगितलेला भाग असा की मांजराच्या अंगावरचा केशरी रंग त्या एक्सवर बसलेला असतो. एक्सवरची एक जागा एक तर "केशरी कर" म्हणते, नाही तर गप्प बसते आणि मग काळा रंग येतो.

म्हणजे बोक्याकडे एकच एक्स. तो केशरी असेल नाही तर काळा असेल, दोन्ही नाही. मादीकडे दोन एक्स. दोन्ही केशरी असले तर ती केशरी, दोन्ही गप्प असले तर काळी, आणि एक हा एक तो असेल तर अंगावर दोन्ही. म्हणून अंगावर काळं आणि केशरी दोन्ही असलेलं मांजर दिसलं की ती मादी, असं डोळे झाकून सांगावं. क्वचित, साधारण तीन हजारांत एक, असा बोका निघतो. त्याच्यात चुकून दोन एक्स आणि एक वाय असे तीन आलेले असतात आणि त्याला बहुधा पिल्लं होत नाहीत. केशरी मांजरांत बोके जास्त का दिसतात तेही यातूनच कळतं. बोक्याला केशरी व्हायला एक एक्स पुरतो, मादीला दोन्ही जुळून यावे लागतात.

मग बाकावरचा हिशेब घ्या. आमच्याकडे वॉचमनच्या केबिनपाशी एक काळा बोका असतो. समजा तोच चारही पिल्लांचा बाप. कबरीकडे एक केशरी एक्स आणि एक काळा. मुलगे बापाकडून वाय घेतात, म्हणजे त्यांचा केशरी-काळा रंग फक्त आईनं ठरवायचा: अर्ध्या मुलांना केशरी एक्स मिळणार, अर्ध्यांना काळा. आमच्याकडचा केशरी बोका आणि काळा-पांढरा बोका, दोघेही हिशेबात बसले. मुलीला बापाकडून काळा एक्स मिळणारच. आईकडून केशरी आला तर ती तिरंगी. तीही बसली. राहिलं राखी पिल्लू. राखी म्हणजे वेगळा रंग नाहीच, तो काळाच असतो, पण रंगाचे कण केसात सारखे पसरण्याऐवजी गुठळ्या होऊन बसतात, म्हणून फिका दिसतो. त्यासाठी दुसरं एक जनुक लागतं आणि ते आई-बाप दोघांकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर लपून राहतं. म्हणजे कबरी आणि तो काळा बोका दोघांच्याही पोटात ते दडलेलं होतं. चार पिल्लं, चार रंग, बाप एक. हे मी दुसऱ्या दिवशी बाकावर सांगितलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, पण ते शेरे बंद झाले.

पोराचं म्हणणं, एकच पिल्लू असं आहे की जे हा हिशेब मोडेल: केशरी मादी. तिला दोन्ही एक्स केशरी हवेत, त्यातला एक बापाकडूनच येणार, आणि काळ्या बोक्याकडे तो नाही. गंमत म्हणजे पुढच्या वेताला तसंच झालं. तीन पिल्लांत एक केशरी मादी निघाली. निदान तिचा बाप तरी काळा नव्हता, कुणीतरी केशरी होता. मागच्या गल्लीतल्या डेअरीपाशी एक जाडजूड केशरी बोका बसतो, त्याच्याकडे सासूबाई आता व्याह्याकडे बघावं तसं बघतात. त्या वेतानंतर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही मुली येऊन कबरीला ऑपरेशनसाठी घेऊन गेल्या, आता तिच्या कानाचं टोक थोडं कापलेलं आहे. ते योग्य की अयोग्य यावर आमच्या घरात दोन मतं आहेत, तो वेगळा लेख होईल.

मुख्य गोष्ट पुढे आहे. मादीकडे दोन एक्स, एक केशरीचा एक काळ्याचा, मग दोन्ही मिसळून सगळं अंग तपकिरी का होत नाही? तुकडे का पडतात? याचं उत्तर १९६१ मध्ये मेरी लायन या इंग्रज बाईंनी दिलं, उंदरांच्या अंगावरचे तुकडे बघून. पिल्लू आईच्या पोटात अगदी लहान, थोड्याशा पेशींचं असतं तेव्हा मादीची प्रत्येक पेशी आपल्या दोनपैकी एक एक्स मिटवून टाकते. कुठला मिटवायचा याला नियम नाही, नाणं उडवल्यासारखं. पण एकदा मिटवला की त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तोच मिटलेला ठेवतात. त्वचेवर एका ठिकाणी केशरीवाली पेशी वाढली की तिथे केशरी तुकडा, शेजारी दुसरीची वसाहत झाली की काळा. मिटलेला एक्स सूक्ष्मदर्शकाखाली एका गडद ठिपक्यासारखा दिसतो. तो ठिपका आधीच, १९४९ मध्ये, कॅनडात मरे बार यांना दिसला होता, आणि दिसला होता तोही मांजरींच्याच मज्जापेशींत. मांजरींना आहे, बोक्यांना नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं.

नाणं उडवणं किती खरं आहे याचा पुरावा अमेरिकेत टेक्ससमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीच्या पेशीपासून हुबेहूब दुसरं मांजर तयार केलं, २२ डिसेंबर २००१ ला ते जन्मलं, नाव सीसी. जनुकं तीच. पण सीसीच्या अंगावर केशरीचा ठिपकासुद्धा नव्हता. ज्या एका पेशीपासून ती घडली, तिच्यातला केशरीचा एक्स मिटलेला होता, तो मिटलेलाच राहिला. सीसी १८ वर्षं जगली, तिला पिल्लंही झाली.

पांढऱ्या रंगाचंही सांगून टाकते. पांढरा हा रंग नव्हे, रंगाचा अभाव. रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूला जन्मतात आणि तिथून अंगभर प्रवास करत निघतात. काही मांजरांत त्या पुऱ्या पोचत नाहीत. पोट, छाती, पंजे ही शेवटची स्टेशनं, म्हणून पांढरं तिथे राहतं. विरारच्या गाडीत बसून बोरिवलीलाच उतरल्यासारखं. मांजर नीट बघा, पाठ पांढरी आणि पोट काळं असं सहसा दिसणार नाही.

आणि केशरी मांजराच्या अंगावर पट्टे असतातच, पुसट का होईना. काळ्या मांजरात पट्टे झाकणारं जे जनुक आहे त्याचं केशरी रंगावर काही चालत नाही. ज्या बदलामुळे केशरी होतं, तो एक्सवर नेमका कुठे आहे हे मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ सापडत नव्हतं. ते २०२५ मध्ये सापडलं, एकाच वेळी दोघांना, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये आणि जपानच्या क्यूशू विद्यापीठात. एक्सवरचा सुमारे पाच हजार अक्षरांचा एक छोटा तुकडा केशरी मांजरांत गळालेला आहे. त्यामुळे शेजारचं एक जनुक नको तिथे जागं होतं आणि रंगाच्या पेशी काळ्याऐवजी केशरी बनवायला लागतात. माझ्या मुलाला ही बातमी मर्चंट नेव्हीच्या पत्राच्या जवळपासच वाचायला मिळाली होती. मला वाटतं त्यामुळेच त्यानं मांजर धरलं.

कारण जिन्यात हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "माझंही तसंच आहे. लाल-हिरवा ओळखायची जनुकं एक्सवरच आहेत. मला एकच एक्स आहे. बाबांनी मला वाय दिला." पुढे तो काही बोलला नाही, माझ्याकडे बघतही नव्हता, राखी पिल्लाच्या कानाशी खेळत राहिला.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्याकडून."

"तुझ्याकडून म्हणजे तुझ्यामार्फत," तो म्हणाला.

मला एकदम अण्णा आठवला, माझा मोठा भाऊ. आमचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागा आणि बेदाणा. बेदाण्याचा भाव रंगावर ठरतो, हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, तपकिरी झालेला वेगळा. अण्णाला चवीनं, हाताला चिकटण्यावरून, देठावरून बेदाणा ओळखता येतो, पण हिरवा आणि तपकिरी शेजारी ठेवले की तो निवड करणाऱ्या बायकांना विचारतो, "अक्का, ह्यो कुठल्या ढिगातला?" आम्ही त्याला लहानपणापासून त्यावरून चिडवत आलो. आई म्हणायची, त्याच्या आजोबांचंही असंच होतं, पिकलेली मिरची काढायला पाठवलं की हिरव्या तोडून आणायचे. आजोबांकडून आईकडे, आईकडून अण्णाकडे आणि माझ्याकडे, माझ्याकडून माझ्या मुलाकडे. आईला काही झालं नाही, मला काही झालं नाही. आम्हाला दुसरा एक्स होता.

आपल्याकडे बाळ बघायला आलेल्या बायका म्हणतात ना, मुलगा मामावर गेलाय. या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे.

"आमच्याकडे कुणालाच नाही" हे सासूबाईंचं वाक्यही तितकंच खरं होतं. मुलाला हे बापाच्या घराण्यातून येऊ शकतच नाही. मी त्यांना तसं जाऊन सांगितलं, की तुम्ही म्हणालात ते बरोबर, हे माझ्या माहेरचं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग ह्याची उंची, ह्याचा आवाज, गणित, ते तुझ्या माहेरचं नाही का? तेव्हा बरी नाही बोललीस." सासूबाई कधी कुठल्या बाजूनं बोलतील सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट पोरानं सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. कबरीसारखंच प्रत्येक बाईच्या अंगात चाललेलं असतं. प्रत्येक पेशीत एक एक्स मिटलेला, काही ठिकाणी आईचा, काही ठिकाणी बापाचा. आपल्या कातडीवर ते दिसत नाही एवढंच. म्हणजे माझ्या डोळ्याच्या पडद्यावरही काही तुकडे असे असणार जिथे अण्णाचे डोळे आहेत आणि काही तुकडे असे जिथे नाहीत, आणि दुसरे तुकडे पहिल्यांचं काम भागवून नेतात. मी पन्नास वर्षं जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंत भाजी घेतली, मला कधी कळलं नाही की मी आतून कबरी आहे.

इथे एक सांगायला हवं. हे मांजराचं गणित माणसाच्या कातडीच्या रंगाला लावू नका. माणसाचा वर्ण एका जनुकावर ठरत नाही, कितीतरी जनुकं मिळून थोडं थोडं ठरवतात, म्हणून एकाच आईची एक मुलगी गोरी, एक सावळी असते आणि "ही कुणावर गेली?" याला एका नावाचं उत्तर नसतं. माझ्या नणंदेच्या नातीच्या बारशाला हा प्रश्न पाळण्याशेजारी उभं राहून विचारला गेला. स्वाध्यायात आपण शिकतो की शरीराचा वर्ण नामकर्मानं मिळतो, काळा, निळा, लाल, पिवळा, पांढरा. आणि द्रव्यलेश्या वेगळी, भावलेश्या वेगळी. मुनिसुव्रत आणि नेमिनाथ भगवान श्यामवर्णाचे. त्रिमूर्तीला जाऊन दर शनिवारी हात जोडणाऱ्या बायकांनी पाळण्यातल्या पोरीच्या रंगावर बोलावं, याचं मला फार वाईट वाटतं. कर्म आणि जनुक यांत मला भांडण दिसत नाही. पंडितजींना विचारलं तर ते म्हणाले, कर्म निमित्ताशिवाय फळत नाही. मला तेवढं पुरलं.

रंगावरून माणसं मांजरांचंही तेच करतात. कबरीच्या पहिल्या वेतातलं केशरी पिल्लू आठवड्यात गेलं, राखीसाठी दोन घरांत चढाओढ झाली, काळं-पांढरं कुणी नेईना. काळं आहे म्हणून. शेवटी वॉचमनकाकांनी ठेवलं. आता ऐका: अमेरिकेत मांजरांची एक जात आहे, काळीभोर, चकचकीत, डोळे तांब्याच्या नाण्यासारखे, आणि तिचं नाव बॉम्बे! आपल्या मुंबईशी तिचा काडीचा संबंध नाही. केंटकी राज्यात लुईव्हिलला निकी हॉर्नर नावाच्या बाईंनी १९५० च्या दशकात बर्मीज आणि काळ्या अमेरिकन मांजरांच्या संकरातून ती तयार केली. हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसते म्हणून नाव बॉम्बे ठेवलं. तिकडची माणसं पैसे मोजून जो रंग विकत घेतात, तो इथे मीटर रूममागे फुकट कुणी घेईना. त्या जातीतही अधूनमधून तपकिरी पिल्लू निघतं, बर्मीज पणजीचं दडलेलं जनुक दोन्हीकडून एकत्र आलं की. काळ्या बिबट्याचंही असंच, तो वेगळा प्राणी नव्हे. ठिपकेवाल्या आईबापांच्या पोटी काळं पिल्लू येऊ शकतं, दोघांकडे ते लपलेलं असलं तर. ताडोब्यात २०१८ मध्ये असा एक दिसला होता. आमच्या मागच्या नॅशनल पार्कातले बिबटे मी दोनदा गाडीच्या उजेडात पाहिलेत, दोन्ही ठिपकेवालेच होते, आणि तेवढं मला पुरे आहे.

आता हे सगळं मी का लिहायला घेतलं ते. मुलाचं मार्गी लागलंय. तो विज्ञानाला गेला, प्रयोगशाळेत रंग बघायची वेळ आली की मैत्रिणीला विचारतो, अण्णासारखंच. प्रश्न आहे माझ्या लेकीचा. ती सव्वीस वर्षांची, मुलुंडच्या एका घरातून स्थळ आलंय, चांगली माणसं आहेत. माझा एक एक्स मिटका, एक चांगला. तिला यातला कुठला गेला हे नाण्यासारखंच आहे, निम्मी शक्यता. तिला चुकीचा आला असला तरी तिला स्वतःला त्रास नाही, तिच्या मुलींना होणार नाही (बाप तसा नसेल तर), पण प्रत्येक मुलाला पुन्हा निम्मी शक्यता. रंगांधळेपणा काही आजार नव्हे, आयुष्य अडत नाही. पण माझ्या मुलाचं जे अडलं ते मी बघितलंय.

बायोडेटात शिक्षण लिहितो, गोत्र लिहितो, उंची लिहितो. हे लिहायचं का? सासूबाईंचं मत पडलं, मुळीच नाही. अशाने जगातल्या निम्म्या मुली घरात राहतील, आणि त्यांच्या घराण्यात काय काय मिटलेलं आहे ते ते सांगतायत का? यांचं मत, विचारलं तर सांगू. बाकावरच्या मंडळाला मी विचारलंच नाही. माझं मत सांगायचं तर मला सांगून टाकावंसं वाटत होतं, पण ते ओझं लेकीच्या डोक्यावर ठेवायला मन तयार होईना. तिच्याकडे बघून कुणी "यांच्याकडे दोष आहे" म्हणेल, आणि तो दोष मी दिलेला.

लेकीनं आमच्यातल्या कुणालाच विचारलं नाही. मुलुंडच्या त्या मुलाबरोबर दुसऱ्यांदा भेटली तेव्हा तिनं मोबाईलवर कबरीचा फोटो काढून त्याला दाखवला आणि मांजरापासून सुरुवात करून सगळं सांगितलं, भावाचं, मामाचं, आजोबांच्या मिरच्यांचं. घरी येऊन मला म्हणाली, "मी त्याला सांगितलं की हे माझ्या आईकडून आलंय, तसंच माझं बाकीचंही आईकडूनच आलंय." मी स्वयंपाकघरात होते, ओट्याकडे तोंड करूनच उभी राहिले.

मुलानं विचारलेला प्रश्न मला आवडला. तो म्हणाला, मग केशरी बोक्याचं पिल्लू केशरी बोका झालं तर त्यात बापाचं काय? लेक म्हणाली, त्या रंगात काहीच नाही. तो म्हणाला, मला माझ्या आईला हे सांगायचंय, तिला फार आनंद होईल.

ही गोष्ट परवाची, गुरुवारची. त्यांच्याकडून निरोप अजून यायचाय. सासूबाई मात्र सकाळपासून बोटांवर माहेरची माणसं मोजतायत, आईचे भाऊ, आईच्या आईचे भाऊ, आणि मधेच विचारतात, "आमच्या मोठ्या मामांना सिग्नलचे रंग कळत होते का गं? ते तर बैलगाडीनंच फिरले."